एकमत होईपर्यंत थांबावे का? क्वेकर, गुलामगिरी आणि मधली अठ्ठ्याऐंशी वर्षे

पानगळ

गेले काही महिने मी जॉन वुलमन या अठराव्या शतकातील क्वेकराची (क्वेकर हा एक ख्रिस्ती पंथ) रोजनिशी सावकाश वाचीत आहे आणि तिच्यातील एक प्रसंग मनातून जात नाही. न्यू जर्सीतील माउंट हॉली या गावी विशीतला वुलमन एका दुकानदाराकडे नोकरीला होता. एके दिवशी मालकाने आपल्याकडील एका काळ्या स्त्रीची विक्री केली आणि तिचे विक्रीखत वुलमनला लिहावयास सांगितले. विकत घेणारा तिथेच खोळंबून होता. तो वयोवृद्ध होता आणि वुलमनच्याच पंथातला, म्हणजे क्वेकर होता. वुलमनने खत लिहिले. मात्र लिहिताना मनाला इतके जड झाले की, गुलाम बाळगणे ख्रिस्ती धर्माशी विसंगत आहे असे मला वाटते, हे त्याने दोघांच्या तोंडावर सांगितले. पुढे दुसऱ्या एकाने असेच खत लिहून मागितले तेव्हा त्याने सरळ नकार दिला.

माझा प्रश्न मात्र वुलमनविषयी नाही, त्याच्या सभेविषयी आहे. क्वेकर मतदान घेत नाहीत. एखादा विषय निघाला की सारे शांत बसतात, ज्याला आतून बोलावेसे वाटेल तो बोलतो, आणि सभेचा कल एका दिशेला स्थिरावला असे वाटले की सभेचा कारभारी तो शब्दांत मांडून तिथेच वाचून दाखवतो. सर्वांना तो मजकूर पटला तर निर्णय झाला, न पटल्यास विषय पुढच्या सभेवर जातो. १६८८ साली पेनसिल्व्हेनियातील जर्मनटाउन येथील चार जणांनी गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध नोंदवला. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने, म्हणजे त्या भागातील साऱ्या क्वेकर सभांच्या वर्षातून एकदा भरणाऱ्या मोठ्या सभेने, आपल्या सभासदांना गुलाम बाळगण्यास पूर्ण मनाई केली ती १७७६ मध्ये. दोहोंमध्ये अठ्ठ्याऐंशी वर्षे गेली. प्रत्येक माणसात ईश्वराचा अंश आहे असे मानणाऱ्या, आणि म्हणून कोणालाही मतांच्या बळावर हरवायचे नाही असे ठरवणाऱ्या लोकांची ही पद्धत समतेला पोषक ठरली की तिनेच समता अडवून धरली? ज्यांनी या विषयावर वाचले आहे किंवा ज्यांना प्रत्यक्ष अनुभव आहे त्यांनी लिहावे, ही विनंती.

मीठभाकर

विषय नवा आहे, म्हणून आधी एक प्राथमिक शंका विचारतो. क्वेकर म्हणजे नेमके कोण? ओट्सच्या डब्यावरील टोपीवाल्या गृहस्थापलीकडे मला त्यांची काही माहिती नाही.

दीपमाळ

त्या डब्याचा पंथाशी संबंध नाही, केवळ नाव उचललेले आहे.

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये यादवी युद्धाची धामधूम असताना जॉर्ज फॉक्स नावाचा एक विणकराचा मुलगा गावोगाव हिंडून सांगू लागला की, देवाचा आवाज ऐकण्यासाठी पुरोहिताची, देवळाची किंवा विद्यापीठाच्या पदवीची गरज नाही; तो प्रत्येकाच्या अंतरी उजेडासारखा आहे. १६५२ पासून उत्तर इंग्लंडमध्ये त्याच्याभोवती माणसे जमली. ती स्वतःला 'फ्रेंड्स', म्हणजे मित्र, म्हणवीत. 'क्वेकर', म्हणजे थरथरणारे, हे इतरांनी हिणवण्यासाठी दिलेले नाव होते आणि तेच पुढे रूढ झाले.

त्यांच्या समतेची पहिली खूण ग्रंथांत नव्हती, ती डोक्यावरच्या टोपीत होती. वरच्या दर्जाच्या माणसासमोर टोपी काढणे हा त्या काळी शिष्टाचार होता. देवाची प्रार्थना करताना जी टोपी काढायची ती माणसासमोर काढणार नाही, असे क्वेकर म्हणाले. टॉमस एलवुड या तरुणाने वडिलांसमोर टोपी काढली नाही म्हणून वडिलांनी त्याला मारले आणि घरातल्या त्याच्या टोप्या एकामागून एक काढून घेतल्या. १६७० साली विल्यम पेन व विल्यम मीड यांना लंडनमध्ये न्यायालयात उभे केले तेव्हा तर अजब प्रकार घडला. दोघांच्या टोप्या आधीच कोणीतरी काढून घेतलेल्या होत्या. न्यायासनाने त्या पुन्हा त्यांच्या डोक्यावर ठेवावयास लावल्या आणि मग टोपी न काढल्याबद्दल दोघांनाही दंड ठोठावला. त्याच खटल्यात पंचांनी, म्हणजे ज्यूरीने, आरोपींना दोषी ठरवण्यास नकार दिला, म्हणून पंचांनाही उपाशी कोंडून ठेवले. त्यांच्यापैकी एडवर्ड बुशेलने दाद मागितली आणि पंचांना त्यांच्या निर्णयाबद्दल शिक्षा करता येणार नाही, हे तत्त्व त्यातून इंग्लंडच्या कायद्यात पक्के झाले. टोपीसारख्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीवरून माणसे तुरुंगात का जातात, याचे उत्तर मला या खटल्यात सापडले.

सोनचाफा

दीपमाळ यांनी टोपीविषयी लिहिले, मी सर्वनामाविषयी लिहिते, कारण मराठी वाचकाला ते अधिक जवळचे वाटेल. त्या काळच्या इंग्रजीत 'दाउ' हे एकवचन आपल्या 'तू'सारखे होते आणि 'यू' हे अनेकवचन मोठ्या माणसाला आदराने वापरले जाई. क्वेकरांनी न्यायाधीशापासून मोलकरणीपर्यंत सर्वांना 'दाउ' म्हणावयास सुरुवात केली. न्यायाधीशाला भर न्यायालयात 'अरे तू' म्हटल्यावर काय होईल, याची कल्पना आपल्या भाषेत वाढलेल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

कातळ

सोनचाफा यांच्याशी मी अंशतः असहमत आहे. आपल्याकडे 'तू' आणि 'अरे-तुरे' यांचा भार नेहमी खालच्यावरच पडत आला आहे. माझ्या आजोबांना गावातली शेंबडी पोरेसुद्धा एकेरीत हाक मारीत. त्यामुळे सर्वांना 'तू' म्हणण्यापेक्षा सर्वांना 'आपण' म्हणण्यात मला अधिक समता दिसते. वरच्याला खाली आणण्यापेक्षा खालच्याला वर घ्यावे.

सोनचाफा

कातळ, तुमचे म्हणणे मला पूर्ण कळते आणि आजोबांविषयी वाचून वाईट वाटले. क्वेकरांचे कारण मात्र थोडे निराळे होते. एका माणसाला अनेकवचन वापरणे हे खोटे आहे, आणि ते खोटे खुशामतीसाठी बोलले जाते, असे ते मानीत. दुकानात एकच भाव सांगण्याचा आणि न्यायालयात शपथ न घेण्याचा त्यांचा आग्रह याच मुळातून आला. मी नेहमीच खरे बोलतो, मग शपथेवर वेगळे खरे कोणते बोलणार, असा त्यांचा प्रश्न असे. त्यांच्या समतेची मुळे सत्याच्या आग्रहात आहेत, हे मला महत्त्वाचे वाटते. बाकी 'आपण'विषयीचे तुमचे मत मी मनापासून मान्य करते.

उंबरठा

मी अकरा वर्षांपासून फिलाडेल्फियाजवळ राहतो. मी क्वेकर नाही, परंतु शेजाऱ्यांमुळे त्यांच्या रविवारच्या सभेला अधूनमधून जातो आणि एकदोनदा त्यांच्या कामकाजाच्या सभेतही मागे बसलो आहे.

रविवारच्या सभेत वेदी नसते, मूर्ती नसते, बहुधा संगीतही नसते. लाकडी बाके असतात आणि तासभर शांतता असते. पहिल्यांदा गेलो तेव्हा चाळीस मिनिटे कोणीच बोलले नाही. नंतर एक वृद्ध स्त्री उभी राहिली, चार वाक्ये बोलली आणि बसली. तिच्या बोलण्यावर कोणी प्रतिक्रिया दिली नाही, दुजोराही दिला नाही. शेवटी शेजारच्यांनी एकमेकांचे हात हातात घेतले आणि सभा संपली. त्यांच्या विवाहातही पुरोहित नसतो. वधूवर सर्वांसमोर उभे राहून एकमेकांना वचन देतात आणि उपस्थित असलेले सारे, अगदी लहान मुलेदेखील, विवाहाच्या कागदावर साक्षीदार म्हणून सह्या करतात.

कामकाजाच्या सभेत मला सर्वांत विलक्षण वाटला तो वेग, किंवा त्याचा अभाव. छपराच्या दुरुस्तीवर एक गृहस्थ असहमत होते. त्यांना कोणी गप्प केले नाही. कारभारी बाईंनी सर्वांना थोडा वेळ शांत बसावयास सांगितले. त्या शांततेनंतर ते गृहस्थ म्हणाले की, माझे मत बदललेले नाही, परंतु मी सभेच्या वाटेत उभा राहणार नाही. निर्णय झाला, त्यांची असहमती इतिवृत्तात नोंदवली गेली आणि चहाच्या वेळी ते सर्वांबरोबर हसत उभे होते. ज्या संस्थांमध्ये मी काम केले आहे तिथे हात वर करून हरलेला माणूस पुढच्या बैठकीला येत नसे.

आता १६८८ च्या निषेधपत्राविषयी. त्यावर फ्रान्सिस डॅनियल पास्टोरियस, गॅरेट हेंडरिक्स आणि डेरिक व अब्राहम ऑप डेन ग्रेफ या चौघांच्या सह्या आहेत. ही माणसे जर्मन व डच मुलखांतून आलेली होती, त्यामुळे त्यांची इंग्रजी ओबडधोबड आहे, मुद्दा मात्र धारदार आहे. आपल्याशी इतरांनी जसे वागावे असे आपल्याला वाटते तसेच आपण सर्वांशी वागावे, त्यात वंश किंवा रंग पाहू नये, हे ते सांगतात. समुद्रावर तुर्कांचे जहाज दिसले की आपल्याला धरून गुलाम करतील म्हणून आपण घाबरतो, मग इथे आपण काय करतो आहोत, असे विचारतात. आणि हे गुलाम उद्या आपल्या स्वातंत्र्यासाठी लढले, तर तुम्हाला त्यांना गुलाम ठेवण्याचा जितका हक्क वाटतो तितकाच हक्क त्यांना लढण्याचा नाही काय, असा शेवटचा प्रश्न टाकतात. ते पत्र मासिक सभेपुढे गेले. हा विषय आमच्यासाठी फार वजनदार आहे, असे म्हणून तिने ते त्रैमासिक सभेकडे पाठवले. त्रैमासिक सभेने तेच म्हणून बर्लिंग्टनच्या वार्षिक सभेकडे पाठवले. तिथे, या प्रश्नाचा अनेक ठिकाणांशी संबंध असल्याने आम्ही निश्चित मत देणे योग्य नाही, अशी नोंद झाली आणि पत्र बाजूला ठेवले गेले.

कातळ

उंबरठा यांनी सांगितलेल्या छपराच्या गोष्टीत सौंदर्य आहे, हे मी नाकारीत नाही. पण छप्पर गळत असले तर सर्वांवर सारखे गळते. गुलामगिरी सर्वांवर सारखी गळत नव्हती. ज्याच्या घरात गुलाम आहेत त्याला 'माझे मन अजून तयार नाही' असे म्हणत राहण्याची मुभा जी पद्धत देते, तिच्यात मालकाचे मन तयार होईपर्यंतचा सारा काळ गुलामाच्या आयुष्यातून वजा होतो.

म्हणून मला या इतिहासात वुलमनपेक्षा बेंजामिन ले जवळचा वाटतो. जेमतेम चार फूट उंचीचा, पाठीला कुबड असलेला हा माणूस. बार्बाडोस बेटावर दुकान चालवताना त्याने गुलामांचे हाल डोळ्यांनी पाहिले होते. १७३८ साली बर्लिंग्टनच्या वार्षिक सभेत तो अंगरख्याखाली सैनिकी पोशाख चढवून आणि तलवार घेऊन गेला. हातातल्या पोकळ पुस्तकात लाल रसाची पिशवी लपवलेली होती. गुलाम बाळगणाऱ्यांचे रक्त देव असेच सांडेल, असे म्हणत त्याने पुस्तकात तलवार खुपसली आणि तो रस आसपासच्या लोकांवर उडाला. शांततेचे व्रत घेतलेल्या सभेत! त्याला उचलून बाहेर काढण्यात आले आणि सभेने त्याच्याशी नाते तोडले. जी सभा गुलाम विकणाऱ्याला सभासद म्हणून ठेवू शकत होती तिला हा माणूस सहन झाला नाही, यातच पानगळ यांच्या प्रश्नाचे उत्तर आहे असे मला वाटते.

पानगळ

कातळ यांचे शेवटचे वाक्य मी दोनतीनदा वाचले आणि ते खोडून काढणे मला शक्य नाही. तरीही वुलमनच्या बाजूने थोडे मांडतो.

त्याने दवंडी पिटली नाही, तो घरोघर गेला. गुलाम असलेल्या घरी मुक्काम पडला तर निघताना त्या गुलामांच्या हातावर त्यांच्या सेवेचे पैसे ठेवी, कारण फुकट पाहुणचार घेतला तर त्यांच्या कष्टांच्या चोरीत आपणही भागीदार होतो, असे त्याला वाटे. यजमानाला ते किती बोचत असेल याची कल्पना करावी. मृत्युपत्रात गुलाम वारसांना दिलेला असेल तर तो ते कलम लिहावयास नकार देई आणि कारण शांतपणे सांगे. काही वेळा तो मालक विचार करून त्या गुलामाला मुक्त करी. १७५४ मध्ये त्याची गुलामगिरीविरुद्धची पुस्तिका छापली गेली. १७५८ च्या वार्षिक सभेत, गुलामांची खरेदीविक्री करणाऱ्यांनी कामकाजात भाग घेऊ नये, असे ठरले आणि गुलाम बाळगणाऱ्या सभासदांच्या घरी जाऊन बोलण्यासाठी जी माणसे नेमली गेली त्यांत वुलमन होता. १७७६ मध्ये पूर्ण मनाई झाली. १७७२ सालीच तो इंग्लंडमध्ये यॉर्क येथे देवीच्या रोगाने वारला होता, त्यामुळे हे पाहावयास तो राहिला नाही.

या संथ मार्गाचा एक परिणाम असा की, निर्णय झाला तेव्हा तो प्रत्येक घरापर्यंत पोचलेला होता. फिलाडेल्फियातील क्वेकरांनी गुलाम मुक्त केले ते अमेरिकेतील गुलामगिरी ज्यातून संपली त्या यादवी युद्धाच्या सुमारे पंच्याऐंशी वर्षे आधी. शिवाय १७८७ मध्ये गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी लंडनमध्ये जी समिती स्थापन झाली तिच्या बारा संस्थापकांपैकी नऊ जण क्वेकर होते.

दीपमाळ

येथे एक भर घालणे आवश्यक आहे. वुलमनला सभेने ऐकून घेतले, कारण ले आधी ओरडून गेला होता. एकाने सभेची झोप उडवली आणि दुसऱ्याने जागे झालेल्यांशी बोलणे केले. १७५८ चा निर्णय ले जिवंत असताना झाला. पुढच्याच वर्षी तो वारला. अलीकडे त्याच्या जुन्या अ‍ॅबिंग्टन सभेने त्याला पुन्हा आपले म्हटले आणि लंडनमधील क्वेकरांच्या मध्यवर्ती इमारतीतील एका दालनाला असलेले विल्यम पेनचे नाव काढून २०२१ साली बेंजामिन लेचे नाव देण्यात आले. मी वर ज्याच्या टोपीची कथा सांगितली तोच पेन पुढे पेनसिल्व्हेनियाचा संस्थापक झाला आणि त्याने स्वतः गुलाम बाळगले होते. ही गोष्ट मी आधीच सांगावयास हवी होती.

निळीशाई

धागा वाचते आहे आणि एका बाकाविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही.

गुलामगिरी सोडल्यानंतर क्वेकरांच्या सभेत काळ्या माणसांना काय जागा मिळाली? फिलाडेल्फियातील सारा मॅप्स डग्लस ही काळी शिक्षिका आपल्या आईबरोबर आर्च स्ट्रीटवरील सभेला जात असे. तिथे काळ्या लोकांसाठी एक वेगळे बाक होते. गोऱ्या माणसांनी चुकून तिथे बसू नये म्हणून बाकाच्या टोकांना एकेक सभासद बसवला जाई, असे तिने १८३७ मध्ये एका पत्रात लिहिले आहे. जे लोक तिच्यासाठी शाळा काढत होते, गुलामगिरीविरुद्ध अर्ज करीत होते, तेच तिच्या शेजारी बसावयास तयार नव्हते. तिची आई आयुष्यभर त्या सभेला जात राहिली, परंतु तिला सभासद करून घेतले गेले नाही.

मी सातवीत असताना आमच्या शाळेत स्नेहसंमेलनाचे जेवण होते. वाढणाऱ्या बाई सर्वांशी गोड बोलत होत्या. आम्हा चार मुलींची पंगत मात्र पाण्याच्या टाकीजवळ वेगळी होती आणि तिथेही त्या तितक्याच गोड बोलल्या. तो गोडवा मला अजून आठवतो. अन्न कोणीच नाकारले नव्हते. म्हणून साराच्या पत्रातील बाक मला अनोळखी वाटले नाही.

आणखी एक दुवा आपल्या मातीतला आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केले आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा अशी आशा व्यक्त केली. ज्यांना ते अर्पण केले त्या लोकांत वुलमन आणि ले यांचे वारसदार येतात असे मी मानते. साराही येते.

मीठभाकर

निळीशाई, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आले नाही. आभारी आहे.

सोनचाफा

बाकाचा विषय निघालाच आहे तर स्त्रियांचाही घेते, कारण तिथेही हीच घडण दिसते. मार्गारेट फेल हिने १६६६ साली, तुरुंगात असताना, स्त्रियांना धर्मसभेत बोलण्याचा अधिकार आहे हे बायबलच्याच आधाराने मांडणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. मेरी फिशर ही एके काळची मोलकरीण १६५८ मध्ये ऑटोमन सुलतानासमोर उभी राहून बोलली. मेरी डायरला १६६० साली बोस्टनमध्ये फासावर चढवले गेले, कारण क्वेकरांना बंदी असलेल्या त्या वसाहतीत ती पुन्हा पुन्हा परत येत राहिली.

इतके असूनही कामकाजाच्या सभा स्त्रियांच्या वेगळ्या व पुरुषांच्या वेगळ्या भरत, आणि पैसा व शिस्त यांविषयीचा शेवटचा शब्द पुरुषांच्या सभेचा असे. इंग्लंडमध्ये वार्षिक सभेच्या कामकाजात स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने स्थान मिळण्यास १८९६ साल उजाडले. पण त्या वेगळ्या सभांचा एक उपयोग झाला. बायका पिढ्यान्‌पिढ्या इतिवृत्त लिहीत होत्या, निधी सांभाळत होत्या, अध्यक्षस्थानी बसत होत्या. १८४८ मध्ये अमेरिकेतील सेनेका फॉल्स येथे स्त्रियांच्या हक्कांची परिषद भरली तेव्हा ती बोलावणाऱ्या पाचजणींपैकी एलिझाबेथ कॅडी स्टँटन वगळता बाकीच्या क्वेकर घरांतल्या होत्या. ल्यूक्रेशिया मॉट त्यांत प्रमुख होती. सभा कशी चालवायची हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

झरोका

पानगळ यांच्या प्रश्नाला आजच्या काळातून एक उदाहरण देतो. मी कामानिमित्त काही वर्षे बर्मिंगहॅममध्ये होतो. ब्रिटनमधील क्वेकरांनी २००९ साली यॉर्क येथील वार्षिक सभेत, समलिंगी जोडप्यांचे विवाह आपण इतरांप्रमाणेच लावावेत आणि सरकारकडे कायदा बदलण्याची मागणी करावी, असे ठरवले. तेही मतदान न घेता. इंग्लंडमध्ये असे विवाह कायदेशीर झाले ते २०१४ मध्ये. परंतु या विषयावर काही क्वेकरांनी लिहिलेली पहिली पुस्तिका १९६३ ची आहे, म्हणजे तिथेही शेहेचाळीस वर्षे लागली.

उलट अमेरिकेत इंडियाना वार्षिक सभेतील वेस्ट रिचमंड या एका सभेने २००८ साली समलिंगी व्यक्तींचे स्वागत करणारा ठराव नोंदवला आणि त्यावरून ती वार्षिक सभाच काही वर्षांत दुभंगली. आणि जगातील सर्वाधिक क्वेकर आज केनियात आहेत. १९०२ साली कायमोसी येथे अमेरिकी मिशनरींनी तिथे काम सुरू केले. त्यांच्या उपासनेत पाद्री असतात, भजने असतात, आणि त्यांतील बहुतेकांना यॉर्कचा निर्णय मान्य नाही. एकाच नावाखाली नांदणाऱ्या या लोकांचे एकमत कोणत्या खोलीत व्हावे, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. केनियातील माणसाला मागासलेले ठरवून मोकळे होणे हेही समतेत बसत नाही.

उंबरठा

झरोका यांच्या शेवटच्या वाक्याशी संबंधित एक गोष्ट इथल्या क्वेकरांना अलीकडे फार सलते आहे. १८६९ नंतर राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या धोरणानुसार मूळनिवासी जमातींच्या अनेक वसाहतींचा कारभार क्वेकरांकडे सोपवला गेला. सैन्यापेक्षा ही माणसे दयाळू आहेत, हे खरे होते. पण त्यांनी चालवलेल्या निवासी शाळांत मुलांचे केस कापले गेले, नावे बदलली गेली, मातृभाषा बोलण्यास मनाई झाली. आपल्यातही देवाचा अंश आहे असे त्या मुलांना शिकवले जात होते, मात्र तो अंश इंग्रजीतच बोलतो असे शिक्षकांनी धरून चालले होते. आज अनेक सभा आपली जुनी दप्तरे उघडून त्या मुलांची नावे त्यांच्या जमातींकडे पोचवण्याचे काम करीत आहेत.

वाळवण

माझे बालपण मध्य प्रदेशातील होशंगाबादेत गेले, त्यामुळे 'फ्रेंड्स' हा शब्द मी पुस्तकात वाचण्याआधी ऐकला. गावाजवळ रसूलिया येथे क्वेकरांचे ग्रामीण केंद्र होते. १९७२ साली त्या केंद्राने व 'किशोर भारती' या संस्थेने मिळून जिल्ह्यातील सोळा सरकारी शाळांत सहावी ते आठवीच्या वर्गांना विज्ञान शिकवण्याचा एक नवा प्रयोग सुरू केला. पुढे तो सुमारे हजार शाळांपर्यंत पोचला आणि २००२ मध्ये शासनाने तो बंद केला. मी त्या प्रयोगातील विद्यार्थी होतो.

वर्गात चार-चार मुलांच्या टोळ्या असत. एक भिंग, एक तराजू, बाभळीचे काटे आणि सायकलच्या ट्यूबचे व्हॉल्व्ह, एवढ्यावर प्रयोग चालत. उत्तर पुस्तकात दिलेले नसे. माझ्या टोळीत एक पाटलाचा मुलगा, एक गोंड मुलगा आणि एक बिडीकामगाराची मुलगी होती. पानाच्या शिरा मोजताना कोणाचे बरोबर आहे हे पाटलाच्या मुलाने ठरवावे असा नियम नव्हता. पुन्हा मोजायचे आणि सर्वांना पटेल ते लिहायचे. आता हा धागा वाचताना कळते की ती रीत क्वेकरांच्या सभेशी किती जुळणारी होती. तो प्रयोग रचणाऱ्यांत शास्त्रज्ञ होते, शिक्षक होते, बहुतेक जण क्वेकर नव्हते, म्हणून सारे श्रेय मी त्यांना देत नाही.

रसूलियाला पुढे मार्जरी साइक्स राहत. त्या १९२८ साली मद्रासला शिक्षिका म्हणून आल्या आणि याच देशाच्या नागरिक झाल्या. त्याआधी त्यांनी बरीच वर्षे वर्ध्याजवळ सेवाग्रामला गांधीजींच्या नई तालीम या शिक्षणपद्धतीच्या शिक्षकांना शिकवले होते. ज्या शाळेत सूतकताई, स्वयंपाक आणि संडास-सफाई प्रत्येकाने करायची, तिथे क्वेकर बाईला परके वाटले नसणार.

कातळ

वाळवण यांच्या टोळीतून मला एक गोष्ट नव्याने दिसली आणि त्यामुळे माझे आधीचे मत थोडे बदलते आहे. ती मुलगी आणि तो गोंड मुलगा टोळीत होते. भिंग त्यांच्याही हातात होते. म्हणून 'सर्वांना पटेल ते लिहायचे' याला तिथे अर्थ होता.

१६८८ पासून १७७६ पर्यंत ज्यांच्याविषयी एकमत शोधले जात होते ते बर्लिंग्टनच्या त्या सभागृहात नव्हते. असलेच तर दाराबाहेर मालकाचा घोडा धरून उभे होते. विक्रीखतातील त्या स्त्रीचे नावदेखील वुलमनच्या रोजनिशीत नाही. तेव्हा दोष मी थांबण्याला देणार नाही. सभेत कोण बसले आहे आणि कोण बसलेले नाही, हे न पाहता थांबण्याला देईन. बहुमताच्या मतदानानेसुद्धा तिथे वेगळा निकाल लागला नसता, कारण मते मालकांचीच होती.

निळीशाई

आणि सभेत बसवून घेतल्यावर कोणत्या बाकावर, हेही पाहावे लागेल.

पानगळ

निळीशाई, हो.

मी प्रश्न चुकीच्या टोकाने विचारला होता, हे आता लक्षात आले. पोषक की मारक असे विचारताना मी पद्धत तेवढी डोळ्यांसमोर धरली, माणसे धरली नाहीत. वाळवण यांच्या टोळीविषयी आणि निळीशाई यांच्या पंगतीविषयी वाचल्यावर मी वुलमनचा तो प्रसंग पुन्हा उघडला. त्यात मालक आहे, विकत घेणारा आहे, लिहिणारा आहे. तिघांच्याही मनात काय चालले असेल यावर मी महिनाभर विचार केला. चौथी व्यक्ती त्याच घरात कुठेतरी असेल, तिच्याविषयी मी विचार केला नव्हता.

उंबरठा

जर्मनटाउनच्या त्या पत्राचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहून गेले. बाजूला ठेवलेले ते पत्र विस्मरणात गेले. १८४४ साली ते पुन्हा सापडले, गुलामगिरीविरोधी चळवळीत त्याचा उपयोग झाला, आणि नंतर ते परत हरवले. २००५ मध्ये आर्च स्ट्रीटवरील सभागृहाच्या तिजोरीत ते सापडले, म्हणजे साराचे बाक जिथे होते त्याच इमारतीत. कागद फाटलेला होता, शाई फिकी झाली होती. आता ते हॅवरफर्ड कॉलेजच्या ग्रंथालयात जपून ठेवले आहे. माझ्या घरापासून ते वीस मिनिटांवर आहे. तिथे चौकशी करून पाहतो. पाहावयास मिळाले तर चौघांच्या सह्यांखाली काय लिहिले आहे ते इथे उतरवून देईन.

मीठभाकर

जरूर द्यावे. त्याबरोबर साराचे ते पत्रही कोणी मराठीत आणू शकेल काय?

निळीशाई

मी आणते. दोन आठवडे द्या.